लाल वस्त्रातले ग्रीक पुस्तक

संध्या करणाऱ्या माणसाने राग बाळगू नये, असे मला लहानपणी शिकवले गेले आणि पुढे मीही अनेकांना तेच शिकवले. अपमानाचा राग, फसवणुकीचा राग, पोटच्या पोरावरचा राग, असे बहुतेक राग मी वेळच्या वेळी सोडून दिले. एक मात्र सोडलेला नाही, आणि तो सोडावा असे मला वाटतही नाही. ज्यांच्यावर तो आहे त्यांतले कोणी आता हयात नाही. त्यांतल्या एकाचे, माझ्या वडिलांचे, श्राद्ध मी दरवर्षी यथासांग करतो. आणि तर्पणाचे पाणी तळहातावरून सोडताना, मंत्र तोंडात असतानाच, तो राग त्या पाण्याबरोबर वर येतो. देवाने मला याबद्दल क्षमा करावी अशी प्रार्थना मी पूर्वी करत असे. हल्ली तीही करत नाही.

आम्ही तेव्हा बर दुबईत, क्रीकच्या, म्हणजे तिथल्या खाडीच्या, काठी, अण्णांच्या गोदामावरच्या दोन खोल्यांत राहत होतो. अण्णा म्हणजे माझे वडील. आमचे घराणे भिक्षुकीचे. पण अण्णांनी मसाले, डाळी आणि पापडांचा व्यापार धरला, समुद्र ओलांडला, आणि ओलांडल्याचे प्रायश्चित्त घेतल्यासारखे घरात दुप्पट सोवळे पाळू लागले. मला त्यांनी वाईच्या पाठशाळेत ठेवले होते. मिसरूड फुटण्याच्या सुमारास, आईला इथे एकटे वाटते म्हणून, त्यांनी मला बोलावून घेतले. खालच्या गोदामातला वेलदोड्याचा आणि हळदीचा वास, आणि शेजारच्या इराणी व्यापाऱ्याच्या सुक्या मासळीचा वास, आमच्या जिन्यावर एकमेकांना भेटत. आई दाराशी धूप लावून त्या मासळीशी रोज झुंज देई आणि रोज हरे. आमसुले संपली की ती बाजारात मिळणारे वाळलेले काळे लिंबू फोडून आमटीत घालत असे. ती कडवट आंबट चव मला इतकी अंगवळणी पडली की पुढे कोकणात आमसुलाची आमटी खाल्ली तेव्हा तिच्यात काहीतरी कमी आहे असे वाटले. सकाळी कोपऱ्यावरच्या इराण्याच्या भट्टीतला गरम खुबूस, म्हणजे तिकडची रोटी, त्यावर तूप आणि मेतकूट. त्याआधी, उजाडायच्या सुमारास, क्रीक ओलांडणाऱ्या लाकडी होड्यांची, म्हणजे अब्रांची, इंजिने फटफटू लागत. त्यांत अजान मिसळे. आणि अजानीच्या मागोमाग अण्णांच्या पळी-पंचपात्राचा आवाज येई. आता मी दुबईतच, अल मनखूल भागात, मुलाच्या फ्लॅटमध्ये राहतो. खिडक्या उघडत नाहीत. एसीचा एक सलग आवाज तेवढा असतो.

त्या घरात बस्त्याव मास्तर आले ते मेतकुटासाठी. ते वसईचे ख्रिस्ती, एका जहाज कंपनीच्या कार्यालयात मालाच्या याद्या टाइप करणारे कारकून. 'मास्तर' त्यांना सगळे उगाच म्हणत असावेत असे मला वाटले होते. तरुणपणी ते फादर होण्यासाठी सेमिनरीत गेले होते. तिथे लॅटिन आणि ग्रीक शिकले, धाकट्या बहिणींची लग्ने अंगावर पडली म्हणून शपथ घेण्यापूर्वीच बाहेर पडले, आणि नोकरीसाठी इकडे आले. त्या दिवशी खाली अण्णा मेतकूट मोजत होते आणि मी वर पाठ म्हणत होतो. मास्तर जिन्याच्या पायथ्याशी येऊन थांबले आणि म्हणाले, "अण्णा, वर कोण आहे हो? ऱ्हस्व-दीर्घ मापून म्हणतोय पोरगा. असं मी सेमिनरी सोडल्यापासून ऐकलं नाही." ग्रीक पद्यही आपल्या वृत्तांसारखे लघु-गुरूंवर चालते, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळले.

तेव्हापासून शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, चर्चमधली मिस्सा आटोपून ते आमच्याकडे येऊ लागले. गोदामात डाळीच्या पोत्यांवर बसून ते मला ग्रीक शिकवत आणि मी त्यांना संस्कृत. मला ते भटजी म्हणत. "या भटजी, आज कोणाची विभक्ती चालवायची, तुमची की आमची?" दुपारी आई त्यांना जेवायला वाढी, पण त्यांचे ताट वेगळे होते. ते खिडकीत पालथे घातलेले असे, आणि जेवण झाल्यावर मास्तर ते स्वतः घासून पुन्हा तिथेच पालथे घालत. कोणी त्यांना तसे सांगितले नव्हते. पहिल्या दिवशी ते ताट कुठे ठेवले आहे हे पाहून त्यांनी काय ते ओळखले होते, आणि आम्ही त्यांना ओळखू दिले होते.

त्यांच्याजवळ एकच मौल्यवान वस्तू होती. ग्रीकांच्या आद्य युद्धकाव्याची ती जाडजूड प्रत होती, पाठीचा शिवणधागा सुटलेली, कसर लागलेली. सेमिनरीच्या रीतीप्रमाणे तिच्यात प्रत्येक दोन छापील पानांमध्ये एक कोरे पान बांधून घेतलेले होते, विद्यार्थ्याने टिपणे करावीत म्हणून. त्या कोऱ्या पानांवर मास्तर विशी-पंचविशीपासून पेन्सिलीने मराठी लिहीत आले होते. इंग्रजीवरून नव्हे, मुळावरून. आणि तेही पुस्तकी मराठीत नव्हे, त्यांच्या वाडीतल्या बोलीत. त्या काव्यात एक म्हातारा राजा येतो. मास्तर सांगत की तो त्यांना नेहमी त्यांच्या आजोबांच्या आवाजात ऐकू येतो, म्हणून त्याला त्यांनी आजोबांचीच भाषा दिली. एका शब्दासाठी ते महिनेच्या महिने थांबत. होडीला काय म्हणायचे यावर त्यांनी तीन शब्द लिहून दोन खोडले होते, आणि आमच्या खिडकीतून धाऊ बोटी पाहताना ते तिसराही खोडत.

शिकवता शिकवता ते इतिहास सांगत. पश्चिम युरोपात ग्रीक भाषा कित्येक शतके कोणाला वाचताच येत नव्हती. तोवर ग्रीकांचे वैद्यक आणि तर्कशास्त्र अरबांनी आपल्या भाषेत आणून सांभाळले होते, इथून फार दूर नाही, याच आखाताच्या वरच्या टोकापलीकडे, बगदादेत. पुढे ग्रीकांचे पूर्वेकडचे राज्य तुर्कांपुढे ढासळू लागले, तेव्हा तिथले पंडित पेटाऱ्यांत पोथ्या भरून जहाजांनी इटलीत उतरू लागले. त्याही आधी इटलीतल्या एका थोर कवीला हेच युद्धकाव्य कोणीतरी भेट पाठवले होते. त्याला त्यातले अक्षर लागत नव्हते, म्हणून तो ते छातीशी धरून उसासे टाकत बसे. एका तरुणाची गोष्ट तर मी त्यांच्याकडून पुन्हा पुन्हा मागून घेतली. तो फ्लॉरेन्समध्ये कायदा शिकत होता. तेवढ्यात शहरात ग्रीक शिकवणारा एक गुरू आला. कायदा सोडावा की ग्रीक सोडावे, याचा त्याने रात्रंदिवस विचार केला. आणि शेवटी त्याच्या ध्यानात आले की कायदा शिकवणारे गल्लोगल्ली आहेत, हा मात्र एकच आहे, आणि हा गेला तर विचारायला कोणी उरणार नाही. मी अण्णांनी लावलेला हिशेबाचा वर्ग शुक्रवारपुरता बंद केला तो त्या गोष्टीमुळे. साऱ्या किनाऱ्यावर मास्तरांसारखे दुसरे कोणी असेल असे मला वाटत नव्हते.

मी शिकलो ते मात्र आमच्या पद्धतीने. पाठशाळेत मूळ पाठ करायचे असते. अर्थ पुस्तकात असतो, भाष्य पुस्तकात असते. ते कुठे पळून जात नाही. जिभेवर यायचे ते मूळ. त्याप्रमाणे मी ते ग्रीक, अर्थ निम्मा कळत असताना, पानेच्या पाने मुखोद्गत केले. मधली मराठी पाने मी वाचत असे आणि पुढे जात असे.

त्या उन्हाळ्यात मास्तरांची आई आजारी पडली आणि ते मुंबईच्या आगबोटीने गावी निघाले. पुस्तक त्यांनी माझ्या हाती दिले. त्यांच्या खोलीत अर्धा डझन माणसे आणि असंख्य ढेकूण, आणि आगबोटीत सगळीकडे ओल. "सांभाळ रे भटजी," एवढेच म्हणाले. चांगले पुस्तक कुठे ठेवायचे हे मला कोणाला विचारावे लागले नाही. आमच्या घरात पुस्तकाला एकच मानाची जागा होती. मी ते लाल वस्त्रात गुंडाळले आणि देव्हाऱ्यात, अण्णांच्या पोथ्यांशेजारी ठेवले. अण्णांनी ते पाहिले आणि राहू दिले. ज्या माणसाचे ताट आमच्या स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडू शकले नव्हते, त्याच्या पुस्तकाला आम्ही दोन वेळा उदबत्ती ओवाळू लागलो.

नारळी पौर्णिमेला श्रावणी असते. वेदाध्ययन नव्याने सुरू करण्याचा तो दिवस. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो. सकाळी आम्ही जानवी बदलली. मग अण्णांनी मला माल सोडवायला क्रीकपलीकडच्या डेरा भागात पाठवले. मुद्दाम पाठवले का, हे मी त्यांना पुढे कधी विचारले नाही. उत्तर काय येईल याची मला भीती होती. परत आलो तेव्हा दमट उष्म्याने अंगरखा पिळून काढण्याजोगा झाला होता आणि घरात नारळीभाताचा, लवंगेचा, केशराचा वास दरवळत होता. अण्णा आणि भाऊ पाटावर बसले होते. भाऊ म्हणजे कापडाचे व्यापारी. आमच्या लोकांत शास्त्रार्थ सांगण्याचे काम त्यांनी स्वतःकडे घेतले होते. मी हात-पाय धुऊन देवाला नमस्कार करायला गेलो. लाल वस्त्र घडी घालून ठेवलेले होते. त्याच्या आत काही नव्हते.

आईने वाढता वाढता खाली मान घालून सांगितले. भाऊंनी घराघरांतून जीर्ण पोथ्या गोळा केल्या होत्या. भंगलेली मूर्ती जशी पूजेत ठेवत नाहीत, तशी पाने सुटलेली पोथीही ठेवत नाहीत. गंध, फुले, अक्षता वाहून, आरती करून, सगळे अब्रातून क्रीकच्या मुखापर्यंत गेले, आणि समुद्राला नारळ दिला तेव्हा त्याबरोबर पोथ्याही दिल्या.

"ते मास्तरांचं होतं," मी म्हणालो.

"ठाऊक आहे मला," अण्णा म्हणाले. "पण तू ते देवापुढे ठेवलंस. देवापुढे ठेवलेलं परत माणसाच्या हातात देत नाहीत. आणि तसलं जीर्ण देव्हाऱ्यात राहू देत नाहीत. मग वाट एकच उरते."

"विचारायला हवं होतं."

"कोणाला? ते वसईला."

"मला."

अण्णांनी ताटाभोवती पाणी फिरवले. "आवाज खाली कर. सणाचं ताट वाढलंय."

भाऊ हसले. ते वाईट माणूस नव्हते. त्यांनी किती जणांना इथे नोकऱ्या लावून दिल्या याची गणती नाही. ते म्हणाले, "अरे श्रीधर, ग्रीकांनी तरी कुठून आणलं? सगळं आपल्याकडूनच गेलेलं. आपलंच होतं, आपण पाण्याला दिलं. खलास."

"तुम्ही त्यातलं एक तरी पान वाचलंत का, भाऊ?"

"चाळली की मधली मराठी पानं. कसली गावंढळ भाषा रे ती. पोथीत असली भाषा असते होय?"

मी ताटावरून उठलो. वाढलेल्या ताटावरून उठण्याचे पाप मी आयुष्यात एकदाच केले. जिन्यावरून उतरून मी क्रीकवर गेलो आणि एका अब्रावाल्याला तोडक्यामोडक्या हिंदीत विचारले की मुखाशी टाकलेली वस्तू परत येते का. तो म्हणाला, ओहोटी लागली आहे, आता सगळे बाहेर जाणार. मी तरी सूर्य मावळेपर्यंत काठाकाठाने चालत राहिलो. पाण्यावर झेंडूची फुले होती, नारळाच्या शेंड्या होत्या. कागद नव्हता. त्या दिवसापासून मी नारळीभात खाल्लेला नाही. सूनबाईंना मी पित्ताचे कारण सांगितले आहे.

त्यांनी ते पुस्तक जाळले असते, फाडले असते, द्वेषाने भिरकावले असते, तर मी त्यांना केव्हाच क्षमा केली असती. द्वेषाला पश्चात्ताप तरी होऊ शकतो. त्यांनी ते हात जोडून बुडवले. त्यांना जन्मभर त्या दिवसाचे समाधानच राहिले. इटलीतल्या त्या लोकांनी मठांच्या तळघरांतून, उंदरांच्या तोंडातून, कुजक्या पेट्यांतून एकेक पान सोडवून आणले, त्याची नक्कल केली, दोन प्रती शेजारी ठेवून चूक शोधली. त्या पोथ्यांतले देव त्यांचे नव्हते, तरी. आणि सगळे ज्ञान आमचेच असे मांडीवर थाप मारून सांगणाऱ्या आमच्या लोकांनी घरात आलेली एकुलती एक प्रत, वाचता येणाऱ्या भाषेतली, फुले वाहून समुद्राला दिली. मी धर्म सोडलेला नाही. आजही पोथीला पाय लागला तर माझा हात कपाळाकडे जातो. पण जीर्ण झाले की नमस्कार करायचा आणि नजरेआड करायचे, ही जी आमची भक्ती आहे, तिच्याविषयी माझ्या मनात अंगार आहे, आणि तो माझ्याबरोबरच जाईल.

मास्तर परतले ते दंडाला काळी फीत बांधून. त्यांची आई गेली होती. येताना माझ्या आईसाठी वसईची सुकेळी, म्हणजे उन्हात वाळवलेली केळी, घेऊन आले होते. अण्णांनी त्यांना बसवले, सांत्वन केले, आणि मग स्वतःच सगळे सांगितले. लपवण्यासारखे त्यांना त्यात काही वाटत नव्हते. मी पोत्यांच्या आडोशाला उभा होतो. मला वाटले, आता हा माणूस ओरडेल. मला ते हवे होते.

मास्तर बराच वेळ सुकेळ्याच्या पुडीची दोरी बोटाला गुंडाळत राहिले. मग म्हणाले, "पूजा केलीत?"

"यथासांग," अण्णा म्हणाले.

"फुलं वाहिलीत?"

"वाहिली."

"मग मानाने गेलं," मास्तर म्हणाले, आणि चहा प्यायले.

त्या दिवशी आईने खिडकीतले त्यांचे ताट उचलून आत नेले आणि आमच्या ताटांबरोबर घासून आमच्या ताटांत ठेवले.  अण्णांनी हरकत घेतली नाही. माझा राग त्यामुळे उतरण्याऐवजी वाढला. इतके सोपे होते ते, तर आधीच का नाही?

पुढच्या शुक्रवारी आम्ही गोदामात नेहमीच्या जागी बसलो. मध्ये पुस्तक नव्हते. मी म्हणालो, मास्तर, मला येते आहे, मी म्हणू का? आणि म्हणू लागलो. मी जिथवर पाठ केले होते तिथवर सगळे म्हणालो, एकही चरण न गाळता. ते डोळे मिटून, गुडघ्यावर बोटाने लघु-गुरू मोजत ऐकत होते. एका ठिकाणी त्यांनी बोट थांबवले. मी स्वर दीर्घ करायला विसरलो होतो. मी तो चरण पुन्हा म्हणालो. संपले तेव्हा त्यांचे डोळे ओले होते. माझ्या डोक्यावर हात ठेवून ते म्हणाले, "शाबास रे भटजी." मला वाटले, मी त्यांना पुस्तक परत दिले.

मग ते हळूच म्हणाले, "आणि मराठी?"

कोणते मराठी, मी विचारले.

"माझं मराठी काही राहिलंय का रे तुझ्याकडे? एखादं पान?"

मी म्हाताऱ्या राजाचे काही आठवते का ते पाहिले. तोंडात येत होते ते ग्रीकच. मराठी पाठ करण्याची गोष्ट आहे, असे मला कोणी शिकवले नव्हते, आणि माझ्या मनातही आले नव्हते.

"असू दे," मास्तर म्हणाले. "ग्रीक तर कुठेही मिळेल." त्यात टोमणा नव्हता. त्यांना टोमणे मारता येत नसत.

वर्षभरात त्यांची बहारीनला बदली झाली. पुन्हा लिहायला घेतले का, असे मी एकदा निरोप पाठवून विचारले होते. उत्तर आले की, आता वय गेले. त्यांचे ऋण फेडण्यासाठी मी ते काम हाती घ्यावे असे मला पुष्कळदा वाटले. पण माझे मराठी हे असे आहे, तुम्ही वाचता आहात तसे, पाठशाळेत शिवून घेतलेले. तो म्हातारा राजा माझ्या तोंडून कीर्तनकारासारखा बोलेल.

परवा माझा नातू ईशान शाळेचे प्रोजेक्ट घेऊन माझ्याशेजारी बसला. युरोपातले पंडित आणि ग्रीक विद्येचे पुनरुज्जीवन. "आजोबा, डू यू नो एनी ग्रीक?" त्याने गमतीने विचारले. मी म्हणू लागलो. त्याने फोनमध्ये ते कुठेतरी शोधून काढले आणि बोट सरकवत माझ्याबरोबर चालत राहिला. मी थांबलो तेव्हा तो चकित होऊन म्हणाला, "इट्स ऑल हियर, आजोबा. एव्हरी वर्ड." मी म्हणालो, हो बाळा, हे सगळे आहेच. माझ्या मुलाने लगेच ते पुस्तक मागवले, "पंचेचाळीस दिरहॅम फक्त, म्हणजे हजार-अकराशे रुपये, बाबा."

काल ते आले. संध्येला बसलो तेव्हा पाहिले, सूनबाईंनी ते देव्हाऱ्यात ठेवले होते. वेष्टनावर हळदकुंकवाची बोटे, वर मोगऱ्याचे फूल. मुलगी चांगल्या संस्कारांतली आहे. तिच्या आईने तिला हेच शिकवले, माझ्या आईने मला जे शिकवले ते. मी आसनावरून उठलो. फूल काढून देवाच्या पायाशी ठेवले, पुस्तक उचलून जेवणाच्या टेबलावर, लोणच्याच्या बरणीशेजारी, मधोमध उघडून पालथे न घालता ठेवले, आणि ईशानच्या कंपासपेटीतली एक पेन्सिल आणून त्यावर आडवी टाकली.

"बाबा, तिथे तेलाचे डाग पडतील त्याला," सूनबाई म्हणाल्या.

"पडू देत," मी म्हणालो.